एरिशुम राजाची पाटी मी फोडली

आवाज फार मोठा नव्हता. बंद दाराआड कुणी अडकित्त्यानं सुपारी फोडावी, तेवढाच. एकदाच झाला. मग विजेच्या भट्टीची नेहमीची घरघर परत ऐकू यायला लागली आणि मी तिच्यासमोर माझ्या जेवणाच्या डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिले.

भट्टीत बारा पाट्या होत्या. मातीच्या, दाबून उमटवलेल्या अक्षरांच्या, जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीच्या. कुंभाराच्या घरात जन्मलेल्या बाईला आतून आवाज आला की काय फुटलं ते कुणी सांगावं लागत नाही. पातळ माती टचकन वाजते. हा आवाज जाड मातीचा होता, आणि त्या बारांत जाड पाटी एकच होती. एरिशुम राजाची.

दार उघडून बघायची सोय नव्हती. तापलेल्या भट्टीत गार हवा शिरली की उरलेल्या अकरा पाट्यांना तडे जातात. म्हणजे फुटलंय हे मला माहीत, कुठलं फुटलंय तेही माहीत, आणि करायचं काय, तर उभं राहायचं.

त्या वेळी माझ्या मनात पहिलं काय आलं ते खरं सांगते. राजा नाही, ज्या बाईची चार वर्षांची मेहनत त्या पाटीवर उभी होती ती जुनी अक्षरं वाचणारी रूथही नाही. दुपारचा एक वाजला होता, भट्टीच्या माथ्यावर माझी पोळीभाजी गरम होत होती, आणि मला वाटलं, आता हे जेवण घशाखाली उतरायचं नाही. पण उतरलं. दीड पोळी खाल्ली. मग रूथला फोन केला.

हे अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधलं, ऐंशीच्या दशकातलं. मी चौथी पास, फलटणकडच्या कुंभाराची मुलगी. नवरा गेल्यावर मुलानं, सुभाषनं, अमेरिकेला आणलं. तो इंजिनियर, सून माधुरी बँकेत, नात शाळेत. दिवसभर घरात मी आणि टीव्ही. टीव्हीतलं कळत नव्हतं आणि बाहेर गुडघाभर बर्फ. सहा महिन्यांत मी म्हटलं, मला काम बघा, नाहीतर परतीचं तिकीट काढा. विद्यापीठाच्या एका म्युझियममध्ये सफाईच्या कामावर लागले. तळघरात एक प्रयोगशाळा होती. तिथल्या काचेच्या बरण्या, ट्रे आणि फरशी माझ्याकडे.

त्या तळघरातच ती भट्टी होती. एक दिवस तिथला टेक्निशियन पाट्या भट्टीत मांडत होता, आणि मी न राहवून म्हटलं, "नो. बिग वन मिडल. स्मॉल वन डोअर." त्यानं मान हलवली आणि आपलंच केलं. दाराशी ठेवलेली मोठी पाटी तडकली. पुढच्या वर्षी तो माणूस दुसरीकडे गेला आणि भट्टी माझ्याकडे आली. पगाराच्या चिठ्ठीवर मात्र शेवटपर्यंत 'सफाई' असंच लिहिलेलं होतं. महाराष्ट्र मंडळात एका डॉक्टरांच्या बायकोनं विचारलं, "काकू, तुम्ही म्युझियममध्ये असता म्हणे? गाईड आहात का?" मी म्हटलं, "नाही, भांडी घासते आणि राजे भाजते." तिनं विषय बदलला.

आता काम काय होतं ते सांगते, कारण ज्यांनी कधी मडकं घडताना पाहिलं नाही त्यांना हे कळायचं नाही. इराक, तुर्कस्तान या भागात पूर्वीचे लोक ओल्या मातीची साबणाच्या वडीएवढी पाटी करायचे आणि तिच्यावर बोरूच्या टोकानं अक्षरं दाबायचे. मग उन्हात वाळवली की झालं. भाजायचे नाहीत. अशी कच्ची पाटी जमिनीत हजारो वर्षं पडली की तिच्यात खार शिरतो. वर काढली की खार बाहेर येतो आणि अक्षरांवर पांढरी खपली धरतो, भिंतीला लोणा लागतो तशी. खपली काढायची तर पाटी पाण्यात भिजवायला हवी. कच्ची माती पाण्यात टाकली तर चिखल. म्हणून आधी भाजायची, मग पाण्यात ठेवायची, रोज पाणी बदलायचं, आणि सगळा खार उतरला की मऊ कुंचल्यानं अक्षरं मोकळी करायची.

खार उतरला की नाही हे बघायला तिथे एक औषध होतं, पाण्यात दोन थेंब टाकायचे. मी जीभ लावून सांगायचे. रूथनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किंचाळली. मग तिनं गुपचूप माझी जीभ आणि औषध आठवडाभर ताडून पाहिलं. सात दिवसांत जीभ एकदाही चुकली नाही.

एकदा एक श्रीमंत म्हातारी मखमलीच्या पेटीत एक पाटी घेऊन आली. नवऱ्यानं बगदादला घेतलेली, म्युझियमला दान द्यायची होती. आमचे मोठे प्रोफेसर, हॉलिस, पेटीवर वाकून बसले होते, अगदी हरखले होते. मी ट्रे उचलायला गेले तेव्हा त्या पाटीवर तोंडाची वाफ सोडून पाहिली. कच्च्या मातीवर वाफ सोडली की तिला वास येतो. हिला आला नाही. "प्लास्टर," मी म्हटलं. म्हातारी म्हणाली, "ही बाई कोण?" हॉलिससाहेब म्हणाले, "सफाईवाली." आठ दिवसांनी तपासणीत प्लास्टरच निघालं. त्या दिवसापासून हॉलिससाहेब मला मान देऊन बोलायला लागले, आणि माझं डोकं फिरलं. मला वाटायला लागलं की मातीतलं सगळं मलाच कळतं.

आता राजा. एरिशुम हा असुर नावाच्या शहराचा राजा, तिथल्या अगदी सुरुवातीच्या राजांपैकी. पुढे त्या लोकांचं मोठं साम्राज्य झालं, पण याच्या वेळी नुसतं एक शहर, व्यापाऱ्यांचं. चाळीस वर्षं राज्य केलं म्हणतात. स्वतःला राजा म्हणवून घ्यायचा नाही. खरा राजा देव, मी त्याचा कारभारी, असं लिहून ठेवलंय. आपल्याकडे देवस्थानाचा वहिवाटदार असतो तसा. देऊळ बांधलं, तट बांधला, व्यापारावरची जकात उठवली. आणि देवळाच्या पायऱ्यांच्या दारात न्याय चालायचा, तिथे सात देवन्यायाधीश बसलेत असं त्यानं लिहिलंय. रूथनं मला त्यांची नावं समजावून सांगितली होती. एकाचं नाव न्याय, एकाचं प्रार्थना ऐकणारा, एकाचं सरळ 'चालता हो, बदमाशा'. मला तो तिसरा फार आवडला.

हाच मजकूर दुसरीकडे सापडलेल्या पाट्यांवर आहे. आमच्या पाटीत वेगळं एवढंच की शेवटी एक जास्तीची ओळ होती, आणि तिच्यावर खाराची जाड खपली होती. भांडण त्या ओळीवरून होतं.

त्या लोकांत सालाला आकडा नसायचा. दरवर्षी फासे टाकून एका मातब्बर माणसाचं नाव काढायचे, आणि ते वर्ष त्याचं. म्हणजे आपण म्हणू, गणपत पाटलाच्या वर्षी विहीर खणली, तसं. रूथचं म्हणणं होतं की त्या शेवटच्या ओळीत वर्षाचं नाव आहे, ते एरिशुमच्याच चाळीस वर्षांतलं असणार, म्हणजे पाटी राजा जिवंत असतानाची आहे. हॉलिससाहेब म्हणत, नंतरच्या कुणी शिकाऊ लेखकानं अक्षर सुधारायला केलेली नक्कल आहे. रूथ तेव्हा एकोणपन्नास वर्षांची, एकटी, दरवर्षी कागद बदलून मिळणाऱ्या नोकरीवर. तिची चार वर्षं या एका पाटीवर गेली होती. वसंतात कमिटी बसणार होती, तिला कायम करायचं की नाही ते ठरवायला. कमिटीचे प्रमुख हॉलिससाहेब. माणूस सरळ होता. ते तिला म्हणाले होते, "ओळ वाचून दाखव, मी हरलो असं लिहून देतो."

ती ओळ वाचायला पाटी भिजवायला हवी होती, भिजवायला भाजायला हवी होती, आणि भाजायला मी होते.

रूथ दोन मजले उतरून आली. धापा टाकत होती.

"किती?"

"एकच आवाज."

"कोणती?"

माझ्या तोंडाकडे पाहून तिला कळलं. ती तिथल्या स्टुलावर बसली. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालायचं, इथे मराठीत लिहिते.

"शेवंटा, खात्री आहे?" माझं नाव शेवंता. तिला ते कधीच जमलं नाही.

"जाड होती तीच."

"बंद करू या. गार झाली की उघडू."

"आत्ता बंद केली तर तुकडे कच्चे राहतील. हात लावलास की पीठ. भाजून पक्के झाले तर जोडता येतील."

"आणि बाकीच्या अकरा?"

"परत उबेवर आणते. दोन दिवस तशाच ठेवते, मग हळूहळू चढवते. या वेळी घाई करत नाही."

"या वेळी?" रूथ म्हणाली.

इथे मी सापडले. पाटी कितीही कोरडी दिसली तरी आत ओल असते. म्हणून आधी दोन दिवस नुसत्या उबेत ठेवून ती ओल जाऊ द्यायची, आणि ती गेल्यावरच आच वाढवायची. ओल आत असताना आच वाढवली की तिची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही, आणि वस्तू फुटते. हे आमच्याकडे सहा वर्षांच्या पोरीला माहीत असतं. मी दोन दिवसांऐवजी एकच दिवस ठेवलं होतं.

"का?" रूथनं विचारलं.

"परवा खंडेनवमी."

"ते काय असतं?"

"त्या दिवशी हत्यारं धुऊनपुसून त्यांची पूजा करतात. कामाला लावत नाहीत. परवा भट्टी गार असायला हवी होती."

"तुमच्या सणासाठी तू माझी पाटी एक दिवस आधी चढवलीस?"

"माझा सण नाही. भट्टीला सुट्टी असते."

"भट्टीला," रूथ म्हणाली. "सुट्टी."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं रडणार. पण तिनं डोळे उघडून विचारलं, "वाफ पाहिली होतीस?"

"पाहिली. नव्हती."

हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. भट्टीच्या माथ्यावर एक छोटं भोक असतं. त्यावर गार आरसा धरायचा. आरशावर दव धरलं तर आत अजून ओल आहे, नाही धरलं तर गेली. माझे वडील काशाची थाळी धरायचे. भट्टीपासून दहा पावलांवर भिंतीला खिळ्यावर आरसा टांगलेला होता, खास त्याच कामासाठी. मी तो घ्यायला गेले नाही. माझं जेवण भट्टीवर गरम व्हायला ठेवलेलं होतं. त्या डब्याचंच झाकण उचललं आणि भोकावर धरलं. झाकण लख्ख राहिलं. झालं, ओल गेली, असं म्हणून मी आच वाढवली. तापलेल्या झाकणावर दव धरत नाही. वरणाच्या पातेल्यावरचं झाकण जिनं आयुष्यभर उचललं त्या बाईला हे कळायला हवं होतं. मला कळलं, पण आवाज झाल्यावर, झाकण हाताला चटका द्यायला लागलं तेव्हा.

हे मी रूथला त्या दिवशी सांगितलं नाही. सणाचं कारण सांगितलं, कारण त्यात धर्म होता. पोळीभाजीत काही नव्हतं.

घरी गेले. सांगितलं. सुभाष लगेच उभा राहिला. "आई, तू कुणाला काही बोलू नकोस. मी आधी एका लॉयरशी बोलतो."

"काय बोलणार?"

"लायबिलिटी असते, आई. हे म्युझियम आहे. सीरियस मॅटर आहे."

"मी रूथला सांगून आले."

"सगळं?"

"बरंचसं."

माधुरी म्हणाली, "अहो, त्यांना आधी हातपाय धुऊ द्या." नात सोफ्यावरून म्हणाली, "आजी, यू ब्रोक अ किंग?" मी म्हटलं, "येस." ती म्हणाली, "कूल."

खंडेनवमीला भट्टी चालूच होती. ज्या सुट्टीसाठी एवढं केलं ती तिला मिळालीच नाही. मी लांबूनच तिला हळदकुंकू दाखवलं आणि माफी मागितली. आरशालाही एक बोट लावलं.

भाजून, निववून भट्टी उघडायला सहा दिवस लागले. त्या दिवशी हॉलिससाहेब स्वतः खाली आले. प्रत्येक पाटी वाळू भरलेल्या उथळ मातीच्या भांड्यात ठेवलेली असायची. अकरा भांड्यांत अकरा पाट्या छान तांबूस, खणखणीत. बाराव्या भांड्यात राजाचं वरचं अर्धं अंग होतं. खालचं अर्धं सगळीकडे होतं. वाळूत, जमिनीवर, दुसऱ्या पाट्यांच्या अंगावर.

"सॉरी," मी म्हटलं.

हॉलिससाहेब म्हणाले, "मातीचं असंच असतं." हे त्यांनी मला सांगितलं. कुंभाराच्या मुलीला. मला रागवायचाही अधिकार नव्हता.

वरचं अर्धं धरून आम्ही एकोणचाळीस तुकडे वेचले. मग भिजवणं, पाणी बदलणं, जीभ लावणं. मग जोडणं. जोडायला रूथला अक्षरं मदत करत होती, मला नाही. मी मातीची जाडी बघायचे, भाजल्यावर आलेला रंग बघायचे, तुटलेल्या कडेचा दाणा बघायचे. एका तुकड्याच्या कडेला तर त्या काळच्या कुणाच्या अंगठ्याची पुसट रेघ होती. ती जुळली तेव्हा मी टेबलावर हात आपटला. दुपारी जेवताना रूथ मला जुळलेला मजकूर वाचून दाखवायची.

"हे ऐक. पायऱ्यांच्या दारात जो फार बोलेल, त्याचं तोंड पडक्या जागेतलं भूत धरील."

"फार बोलेल म्हणजे?"

"खोटं बोलेल, वाद वाढवील. तोंड धरील आणि ढुंगणही धरील."

"असं राजानं लिहिलंय?"

"असं लिहिलंय. आणि त्याचं डोकं मडक्यासारखं फोडील."

आम्ही दोघींनी टेबलावरच्या एकोणचाळीस तुकड्यांकडे पाहिलं. मी म्हटलं, "याला मडक्याबद्दल फार माहिती होती."

पाटी उभी राहिली, पण खालच्या कोपऱ्यात एक भोक राहिलं. करंगळीच्या नखाएवढं. आणि ते नेमकं शेवटच्या ओळीत. वर्षाच्या नावाचं पहिलं अक्षर होतं, पुढचं सगळं त्या भोकात गेलं होतं. रूथ म्हणाली, त्या अक्षरानं सुरू होणारी नावं त्यांच्यात ढीगभर. पण एरिशुमच्या वेळच्या एका माणसाचं नावही त्याच अक्षरानं सुरू होत होतं. म्हणजे तिचं म्हणणं खोटं ठरत नव्हतं.

हॉलिससाहेबांनी भिंग घेऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "रूथ, आता हे कुणालाच कळणार नाही. तुझं म्हणणं प्रश्नचिन्ह घालून छाप. मी आडवा येणार नाही. कमिटीतही येणार नाही."

रूथ म्हणाली, "थँक यू." तिची नोकरी मिळाल्यात जमा होती, हे मलासुद्धा कळलं. त्या दिवशी तिनं मला कॉफी पाजली, मला कॉफी आवडत नाही हे विसरून. पाटी फुटल्याचा तिला फायदा झाला, असं कुणी तेव्हा म्हटलं नाही. पण झाला होता.

आता खरी चूक सांगते. झाकणाची चूक आळसाची होती. ही दुसरी अभिमानाची.

मला ते भोक सहन होईना. माती हवेत विरून जात नाही. फुटलेलं सगळं भट्टीतच पडलं होतं, भट्टीतलं सगळं आम्ही बादल्यांत भरून ठेवलं होतं, म्हणजे तो तुकडा बादलीत होता. रूथनं शोध म्हणून सांगितलं नाही. कुणीच सांगितलं नाही. मी घरून माधुरीची मैद्याची चाळणी आणली आणि रोज जेवणाच्या सुट्टीत बादलीतली वाळू चाळायला बसले. तीन आठवडे. रूथ येता जाता म्हणायची, "शेवंटा, पुरे आता." मला वाटायचं, माझ्या गुडघ्यांची काळजी करतेय.

चौथ्या आठवड्यात तो मिळाला. सगळ्यात मागच्या भांड्याची वाळू ज्या बादलीत होती तिच्यात. तुरीच्या डाळीएवढा, त्यावर खाराचा ठिपका. मी तो चहाच्या कपात भिजत घातला, आठ दिवस पाणी बदललं, जीभ लावली, कुंचल्यानं साफ केला. कुणाला बोलले नाही. मला रूथचं तोंड बघायचं होतं. कापडावर घालून तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "घे तुझी नोकरी."

खरंच असं म्हटलं.

तिनं चिमट्यानं उचलून भोकात बसवला. असा बसला, जणू कधी निघालाच नव्हता. मी कौतुकाची वाट बघत उभी. रूथ वाचत होती. वाचून झालं, परत वाचलं. मग कपाटातून वही काढून काही पानं उलटली. वही मिटली.

"काय?" मी विचारलं.

"हा माणूस एरिशुमच्या वेळचा नाही. त्याच्या नातवाच्या वेळचा आहे. हे नाव मी दुसऱ्या पाट्यांवर पाहिलंय, नातवाच्या राज्यातल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे हॉलिस बरोबर. नक्कल आहे. नंतरची."

मला समजायला थोडा वेळ लागला. पाटी फोडली तेव्हा मी रूथचं काही बिघडवलं नव्हतं. जोडली तेव्हा बिघडवलं.

मी म्हटलं, "दे इकडे. परत वाळूत टाकते. कुणाला माहीत आहे?"

"मला."

"तू विसर."

"आणि तू?"

"मला वाचता येतं का ते? मी सफाईवाली."

रूथ हसली. मग म्हणाली, "बस, शेवंटा." मी बसले. तिनं तो तुकडा गोंदानं कायमचा चिकटवला, माझ्यासमोर. हात अजिबात हलला नाही. चिकटवून झाल्यावर म्हणाली, "निदान आपण दोघींनी खोटं काही केलं नाही."

तेव्हा मला झाकणाचं सांगावंच लागलं. आरसा घेतला नाही, डबा गरम होत होता, झाकण तापलेलं होतं, सगळं. ती ऐकत राहिली.

"डब्यात काय होतं?" तिनं विचारलं.

"पोळी. बटाट्याची भाजी."

"चार हजार वर्षं," रूथ म्हणाली. "युद्धं झाली, आगी लागल्या, शहर गाडलं गेलं. आणि बटाट्याची भाजी." आणि ती इतकी हसली की तिला चष्मा काढून ठेवावा लागला. मी हसले नाही. मला अजूनही त्यात फारसं हसण्यासारखं दिसत नाही, पण लोकांना सांगताना मी तीच बाजू सांगते, कारण दुसरी सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः पाटी घेऊन हॉलिससाहेबांकडे गेली. ते खूश झाले नाहीत, हे सांगायला हवं. कमिटीत तिच्या बाजूनं बोलले म्हणे. पण चार वर्षांचं काम एका ओळीत संपलेलं, बाकीच्यांना कागदावर दाखवायला काही नव्हतं. तिला आणखी एक वर्ष मिळालं, आणि मग नाही. हॉलिससाहेबांनी पाटीवर लेख लिहिला. तळटिपेत रूथचे आभार आणि 'इमारतीच्या देखभाल विभागाचे' आभार. देखभाल विभाग म्हणजे मी. सुभाषनं त्या पानाची फोटोकॉपी काढून फ्रेम केली. मी ती कपाटात ठेवली.

रूथ मॅसॅच्युसेट्सला गेली आणि तिथे एका शाळेत इतिहास शिकवायला लागली. जायच्या दिवशी मी तिला म्हटलं, "मी चाळणी आणली नसती तर तू इथेच असतीस."

ती म्हणाली, "हो."

नाही म्हणाली नाही. धीर द्यायला सुद्धा नाही. त्या देशात मला भेटलेल्या माणसांत मला तिचा सगळ्यात जास्त विश्वास वाटतो, तो त्या एका शब्दामुळे.

मी पुढे नऊ वर्षं भट्टी सांभाळली. एकही पाटी फुटली नाही. रोज आरसाच घेतला आणि जेवण गार खाल्लं. मग शहाण्या लोकांनी ठरवलं की पाट्या भाजणंच चूक, त्यानं मातीतली माहिती जळून जाते. म्हणजे जी विद्या मी अभिमानानं केली तीच आता कुणी करत नाही. मला त्यावर मत विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, खरं असेल.

भट्टी भंगारात गेली. हॉलिससाहेब वारले. राजाची पाटी चाळीस तुकड्यांत एका खणात आहे, आणि त्यावर एरिशुमचं नाव असलं तरी चिठ्ठी नातवाच्या काळाची आहे. रूथ आता ऐंशीची आहे, तिथेच श्रूजबरी गावात असते, पाय चालत नाहीत, डोकं चालतं. मी चौऱ्याऐंशीची आहे, आणि जेवण अजून गारच खाते.